पगाऱ्यांच्या दारावरचा डहाळा

१

पगारे गुरुजींच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा लागलाय, ही खबर झुंबरने आरोग्य कचेरीत आणली तेव्हा सॅनिटरी इन्स्पेक्टर सावळीराम कोठावदे बशीत चहा ओतत होता. चहा बशीतच राहिला.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. बिहारात देवीची साथ भडकलेली, आणि आपल्याकडे एकही रोगी नजरेतून सुटता कामा नये अशी वरून रोज तंबी. घरोघर फिरणाऱ्या माणसांना कचेरीने एकच सोपी खूण शिकवली होती. लोक रोगी माळ्यावर लपवतील, गोधडीखाली लपवतील, पण देवीचा मान चुकवायची छाती सहसा कोणाची होत नाही. दारावर कडुनिंब दिसला की बेलाशक आत शिरायचं.

चाळ द्वारका चौकाच्या पलीकडे, ट्रकांच्या गॅरेजांमागे होती. बैठ्या खोल्यांच्या दोन ओळी, मध्ये फरसबंदी अंगण आणि अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ. सावळीराम डॉक्टरांना घेऊन पोचला. डहाळा खरंच होता, चौकटीवर सुतळीने बांधलेला, ताजा. उंबरा हळदीच्या पाण्याने धुतलेला आणि कडेला पळसाच्या द्रोणात दहीभात. आत गुरुजींचा धाकटा मुलगा मिलिंद तापाने फणफणला होता आणि त्याच्या पोटापाठीवर फोड होते.

डॉक्टर खाली वाकले आणि नेमक्या त्याच वेळी गुरुजींच्या म्हाताऱ्या आईने, आक्काबाईने, स्टोव्हवर डाळीला लाल मिरचीची फोडणी दिली. असा ठसका उठला की डॉक्टर रोगी सोडून अंगणात पळाले आणि डोळे पुसत परत आले.

"मला विचाराल तर कांजण्या आहेत," ते म्हणाले. "पण मी देवी फक्त पुस्तकात पाहिली आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ती डोळ्यांनी पाहिलेली असते. त्यांनी डहाळा लावला म्हणजे त्यांना काहीतरी कळलं असणार. पुण्याहून तपासणी येईपर्यंत घर बंद करावं लागेल."

"हा डहाळा आमचा नाही!" गुरुजी कडाडले. त्यांच्या मागे भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. "आम्ही छप्पन सालापासून बौद्ध आहोत. असल्या पाल्यापाचोळ्यापुढे आम्ही मान तुकवत नाही."

"मग लावला कोणी?"

गुरुजींनी सावकाश मान वळवून स्वतःच्या आईकडे पाहिलं.

२

आदेश चिकटवायचं काम सावळीरामचं. या घरातून कोणी बाहेर जाऊ नये, बाहेरच्याने आत येऊ नये, मोडेल त्याच्यावर साथीच्या कायद्याने खटला. शेजारचा पुंजा बोरस्ते स्टूल धरायला आपणहून आला. पुंजा म्हणजे ट्रकचा ड्रायव्हर, दांडगा माणूस. "माझा खंडू असता तर तोच चढला असता वर," तो म्हणाला. "पर तो मामाकडं सटाण्याला गेलाय." सावळीरामच्या हातून खळीचा गोळा निसटला तो थेट पुंजाच्या दाढीत. दाढी चांगली दाट, राठ झालेली, खळ काही निघेना, आणि अशा गंभीर प्रसंगी हसू येतंय म्हणून सावळीराम स्वतःवरच चिडला.

तो स्टुलावरून उतरला तेव्हा खिडकीत गुरुजींची थोरली मुलगी मैना उभी होती.

"साहेब, सोमवारी माझी मुलाखत आहे," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात, नर्सिंगच्या वर्गासाठी. हजर राहिले नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाते. दोन वर्षं अर्ज करतेय. यंदा पहिल्यांदा नाव लागलंय."

सावळीरामने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर तरुण होते आणि मनाने बरे होते. त्यांना फिरतीवर निघायचं होतं, तरी ते थांबले.

"कोठावदे, माझी सगळी अडचण त्या डहाळ्याची आहे. तो बाहेरच्या कोणी लावला हे नक्की झालं, तर मग माझ्या डोळ्यांवर विसंबायला मी तयार आहे. या कांजण्याच. माझी वाट पाहू नका, सरळ दार उघडा आणि मुलीला जाऊ द्या. पण घरच्यांनीच लावला असेल तर दार उघडायचं नाही. मी सोमवारी दुपारी परत येतो."

म्हणजे एका मुलीची नर्सगिरी आता सावळीरामच्या डोक्यावर टांगली होती. सावळीराम गटारी, कचराकुंड्या आणि भेसळीचं दूध ओळखण्यात वाकबगार होता. माणसं ओळखायची त्याला कधी वेळच आली नव्हती. तो बागलाणातला. गोंधळला की आईची अहिराणी त्याच्या तोंडात यायची.

"हाई काय शे?" तो पुटपुटला. हे आहे तरी काय?

पहिला संशय अगदी समोरच उभा होता, हातात काठी घेऊन. डहाळ्याची बातमी आणली झुंबरने, आणि दारावर पहारेकरी म्हणून रोजावर लागला तोही झुंबरच! गेला महिनाभर तो कामासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता.

"झुंबर, खरं सांग. काम मिळावं म्हणून डहाळा तूच टांगलास ना?"

झुंबरला राग यायच्याऐवजी हसूच आलं. "सायेब, पोटासाठी मी लबाडी करीन, नाय म्हणत नाय. पर तो दहीभात पाहिला का तुमी? चांगला सायीचं दही घातलेला. माझ्या हाती लागला असता तर मी उंबऱ्यावर ठिवला असता का? खाल्ला असता."

हे सावळीरामला पटलं, आणि पटलं म्हणून तो आणखी गोंधळला. कारण झुंबर नाही, तर ज्या बाईचं यात सरळ सरळ भलं होणार होतं ती समोरच्याच ओळीत राहत होती. यादीतली पुढची मुलगी तिचीच होती.

३

भागीबाई गांगुर्डे गहू निवडत बसली होती. सावळीरामने प्रश्न विचारल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"व्हय, माझ्या पोरीला जागा मिळावी असं मला वाटतं. आईला वाटंलच. वाटायला बंदी हाय का?" तिचा आवाज अख्ख्या चाळीला ऐकू गेला. "पर म्हणून मी डहाळा लावीन? आमीबी दीक्षा घेतल्याली माणसं. अन् मला कुणाचं वाईट करायचं असतं तर कचेरीत एक निनावी चिठ्ठी टाकली असती. तुमच्या देवीचा उंबरा कशाला धुवत बसले असते?"

"शेजाऱ्यांशी तुमचं बरं आहे?"

"कालच आमच्याकडलं तेल संपलं, तर लंकाबाईनं वाटी भरून दिलं. ट्रकवाल्याचं घर, डबा भरल्याला असतो. पगाऱ्यांची आक्का आजारपणात माझ्या उशाशी बसून राह्यली होती. अशा शेजारात राहून मी असलं काम करीन? जा तुमी."

सावळीराम गेला. वाटेत नळावर तोंड धुता धुता त्याला भागीबाईच्या बोलण्यातलं खरं जाणवलं. ज्याला नुसतं घर बंद पाडायचं आहे तो डहाळा टांगून पळेल. पहाटे उठून हळदीचं पाणी कालवणार नाही, उंबरा धुणार नाही, दह्याची साय खर्च करणार नाही. हे भक्तीने केलेलं काम होतं. ज्याने केलं त्याच्या मनात आत देवी आहे याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

मग भक्ती कोणाची? पगाऱ्यांच्या घरात देवीच्या काळातलं एकच माणूस होतं.

खिडकीच्या गजांशी आक्काबाई येऊन बसली. गुरुजी आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. आईशी ते बोलत नव्हते, आणि ती पलीकडच्या खोलीत असल्यासारखं तिच्याबद्दल बोलत होते.

"विचारा तिला," ते म्हणाले. "रोज पोराच्या उशाशी बसून काय पुटपुटते ते विचारा."

"बुद्धं सरणं म्हणते मी, धोंड्या," म्हातारी म्हणाली. "तूच शिकवलंस."

मग तिने गजांतून सावळीरामकडे पाहिलं. "माझी दोन लेकरं देवीत गेली, सायेब. गंगू आन् तुळशा. त्या टायमाला मी समदं केलं. डहाळे लावले, दहीभात ठिवला, पायात वहाण घातली नाय. मालकांनी दाढीला वस्तरा लावला नाय. घरात फोडणीचा वास म्हणून येऊ दिला नाय. तरी तिनं दोन्ही नेली. दीक्षा घेतली त्या साली देवीचा टाक मी माझ्या हातानं गंगेत सोडला. आता पुन्यांदा तिच्याकडं हात पसरीन व्हय मी?"

"नातू तापानं फणफणल्यावर भल्याभल्यांचा धीर सुटतो, आजी."

"सुटला न्हाई," आक्काबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पर माझा ल्योकच इस्वास ठिवंना, तर तुमी कशाला ठिवाल?"

आतून गुरुजींचा आवाज आला, थंड आणि दमलेला. "पहाटे कडी काढल्याचा आवाज मी ऐकला होता. कडी आईनेच काढली होती."

४

"पाणी आणाया उठले व्हते," आक्काबाई म्हणाली. "नळ पहाटंच येतो. चाळीतल्या समद्याच उठत्यात."

"डहाळा दिसला नाही मग?"

"अंधारात वर कोण बघतंय?"

सावळीरामचं डोकं भणभणलं. म्हातारी खरं बोलतेय असं मन म्हणत होतं, आणि मनाच्या म्हणण्यावर दार उघडायची मुभा त्याला नव्हती. चुकून देवीचा रोगी मोकळा सुटला तर शहरभर थैमान. तो डोकं धरून पुंजाच्या ओट्यावर टेकला.

पुंजाची बायको लंकाबाई पगाऱ्यांसाठी ताट घेऊन निघाली होती. घर बंद झाल्यापासून पगाऱ्यांचं दोन्ही वेळचं जेवण तिनेच आपल्याकडे घेतलं होतं. उंबऱ्याशी ताट ठेवायचं, मागे सरायचं, मग आतून मैना उचलायची. मेच्या उन्हात फरशी तव्यासारखी तापलेली आणि बाई अनवाणी. पाय उचलून उचलून टाकत होती.

"वहिनी, चपला घाला की."

"तुटल्यात," ती म्हणाली. परत आली तेव्हा तिने सावळीरामलाही भाकरी आणि डाळ आणून दिली. आत मात्र बोलावलं नाही. "आत लय पसारा हाय, हितंच जेवा. दादा, गुरुजींचं दार कधी उघडणार? पोरीची मुलाखत बुडंल हो. दोन वर्सं झुरलीय ती." आणि ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली. चाळीत मैनेसाठी रडलेली ही पहिलीच बाई. सावळीरामला भरून आलं.

डाळ मात्र नुसती उकडलेली, हळदमिठाची. घशाखाली उतरेना. त्याचं तोंड पाहून लंकाबाई ओशाळली. "तेल मिळत नाय कुठं, काय करावं."

खरंच होतं. त्या साली तेलासाठी रांगा होत्या आणि सावळीरामच्या घरीही हीच रड होती. पुंजाही शेजारी येऊन बसला. गाडीचं इंजिन खोललंय, म्हणाला. पिंपळगावचा कांदा पार पाटण्यापर्यंत नेऊन टाकला आणि आल्यापासून गाडी पडून आहे. बोलता बोलता तो दाढी खाजवत होता. त्याचं लक्ष कुठेच नव्हतं.

रविवार उजाडला तरी सावळीरामला काही सुचलं नाही. झुंबर नाही, भागीबाई नाही. बाहेरचं कोणी उरलंच नाही, तर मग आतलंच. दुपारी त्याने मनाशी ठरवून टाकलं. डहाळा आक्काबाईनेच लावला. दार उघडता येणार नाही.

हे मैनेला तोंडावर सांगायला हवं होतं. जड पायांनी तो खिडकीशी गेला आणि नको त्या वेळी गेला. आत जेवणं चालली होती.

५

"साहेब आलेत," मैना म्हणाली आणि घास हातात तसाच धरून उभी राहिली. त्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं.

सावळीरामने घसा साफ केला. पण त्याच्या आधी आक्काबाईच बोलली. तिने पुढचं ताट बाजूला सारलं होतं.

"मला जात नाय हे. लंकाबाईचा जीव चांगला, पर असलं जेवण मी जल्मात एकदाच जेवलेय. लेकरं देवीत निजली व्हती तवा."

सावळीराम तसाच उभा राहिला. मग त्याने खिडकीचा गज धरला.

"आजी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"डाळीला फोडणी देत व्हते. तुमचे डाक्टर खोकून खोकून मरायला टेकले."

"गुरुजी, इकडे या," सावळीराम म्हणाला. "आणि हळू बोला, भिंती पातळ आहेत. ज्या बाईने पहाटे उठून भक्तिभावाने उंबरा धुतला, दहीभात ठेवला, ती बाई त्याच सकाळी त्याच घरात मिरचीची फोडणी देईल? आत देवी आहे असं मानणाऱ्या बाईला ते मरणाहून वाईट. तुमच्या आईने डहाळा लावलेला नाही. त्या पहिल्यापासून खरं बोलताहेत."

गुरुजी उठून उभे राहिले. त्यांनी आईकडे पाहिलं. ते खाली बसले, आईच्या पुढ्यात, आणि तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या कपाळाला लावले. "असू दे रं, धोंड्या," म्हातारी म्हणाली.

"मग कोणी?" मैनेने विचारलं.

"ज्या घरावर डहाळा आहे तिथे फोडणी पडली. ज्या घरावर काही नाही तिथे फोडणी बंद आहे. लंकाबाई म्हणाली, तेल नाही. आणि भागीबाईला वाटीभर तेल दिलं तेही लंकाबाईनेच. ती अनवाणी फिरते. पुंजाने दाढीला वस्तरा लावलेला नाही."

"आमच्या घरात देवी आली असं वाटून पाळत असतील," मैना म्हणाली. "शेजारधर्म म्हणून."

"मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण शेजारच्यांच्या देवीसाठी आपल्या घरातली फोडणी कोणी बंद करत नाही. आणि दाढी बघा. आदेश लावला त्या दिवशी माझ्या हातची खळ पुंजाच्या दाढीत अडकली, निघता निघेना, इतकी ती वाढलेली होती. एका रात्रीत अशी दाढी येत नाही. मिलिंदला ताप भरायच्या कितीतरी आधीपासून त्या घरात देवी पाळताहेत."

मैनेने हातातला घास ताटात ठेवला. मग तिने अगदी हळू विचारलं, "खंडू सटाण्याला गेलाच नाही ना?"

"पाटण्याला गेला असणार," सावळीराम म्हणाला. "बापाच्या गाडीवर क्लीनर म्हणून."

६

पुंजा दारात आडवा उभा राहिला. मग सावळीरामच्या डोळ्यांकडे पाहून तो बाजूला झाला.

आतल्या अंधाऱ्या खोलीत, धान्याच्या कणग्यांमागे खंडू पडला होता. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. चेहऱ्यावर बोट ठेवायला जागा नाही, तळहातांवर, तळपायांवर फोड, डोळे सुजून मिटलेले. सावळीरामला पुस्तकाची गरज पडली नाही.

"का, वहिनी?" एवढंच तो म्हणाला.

लंकाबाई जमिनीवर बसली. "माझ्या दाराला लावला असता तर तुमी पोराला उचलून नेलं असतं. लोक म्हणत्यात, नेलेलं माणूस परत येत नाय. म्हणून नाय लावला. आन् नाय लावला म्हणून ती कोपली. पोरगा रोज उतरतीला लागला. मग गुरुजींच्या मिलिंदला फोड आलेले पाहिले. मला वाटलं, आमच्याकडनं ती त्यांच्याकडं गेली. ती माणसं तिला मानत नाय. तिचा आनखी राग माझ्याच पोरावर निघंल. म्हणून तिचा मान तिकडं केला."

"आणि आम्ही त्यांचं घर बंद करू, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

तिने खंडूची गोधडी सारखी केली. "व्हतं," ती म्हणाली. "तेबी व्हतं. तुमी तिकडं गुतलात तर हिकडं येणार नाय, असंबी वाटलं. खोटं कशाला बोलू. ताट वाढताना रोज मैनेकडं बघवायचं नाय मला."

सावळीरामला तिचा संताप यायला हवा होता आणि तिची कीवही यायला हवी होती. दोन्ही एकदमच आलं. त्यातलं खरं कोणतं हे त्याला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा गुरुजी खिडकीशी वाटच पाहत होते. "म्हणजे दार उघडणार? डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं ना? उद्या सकाळी मैना..."

सावळीरामने मैनेकडे पाहिलं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. डहाळा बाहेरचा, मिलिंदला कांजण्या. पण खऱ्या देवीच्या घरचं अन्न या घराने रोज खाल्लं होतं, त्या घरातली ताटं मैनेने उचलली होती, नळ एक, अंगण एक. खंडूची गोष्ट कचेरीत पोचली की या एका दाराचं काय घेऊन बसलात, सगळी चाळ बंद होणार. बाहेर जाणारं एकही माणूस सुटणार नाही.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. झुंबर नळावर होता.

"डॉक्टर उद्या दुपारी येतात," तो पुटपुटला. आपण हे बोलतोय यावर त्याचाच विश्वास बसेना. "मी खंडूचं त्यांना तेव्हाच सांगितलं तर... मधल्या वेळात तुमचं दार उघडायची मला परवानगी आहेच. तू सकाळी जाऊन येशील."

गुरुजींचा चेहरा उजळला. ते काही बोलणार तोच मैनेने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"साहेब, मुलाखत दवाखान्यात आहे," ती म्हणाली. "बाळंतिणींच्या वॉर्डावरून जावं लागतं. मागच्या वर्षी अर्ज द्यायला मी रांगेत तिथेच बसले होते. बायका तान्ह्या पोरांना घेऊन वऱ्हांड्यात बसलेल्या असतात."

"तुला काही झालेलं नाही, मैना."

"झालं नसेलही. पण तुम्हाला खात्री आहे का?"

त्याला खात्री नव्हती. गेल्या चार दिवसांत त्याला कशाचीच खात्री वाटली नव्हती.

"मग आत्ताच जा कचेरीत," मैना म्हणाली. तिचा आवाज फाटला, तिने तो सावरला. "उद्यावर ठेवू नका. आत्ता गेलात तर संध्याकाळपर्यंत टोचणारे येतील. आणि मी इथेच राहते."

गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. "दोन वर्षं, मैना," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

७

संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी दोर बांधला गेला आणि सगळ्यांना लस टोचली गेली. भागीबाई आरडाओरडा करत सगळ्यात आधी दंड उघडा करून उभी राहिली. मग तिला आपली मुलगी आठवली, आणि दोर आपल्याही दारावरून गेलाय हे तिच्या लक्षात आलं. ती मटकन बसली. ते पाहून सावळीरामला दुसरीकडे बघावं लागलं.

खंडूला हलवायचं नाही, तिथेच ठेवायचं, असा हुकूम आला. लंकाबाई तीन रात्री जागी होती आणि आता तापल्यासारखी बडबडत होती. त्याच्याजवळ कोण बसणार, असं कचेरीच्या माणसाने विचारलं तेव्हा चाळीत कोणी हललं नाही.

सोमवारी सकाळी, तिकडे दवाखान्यात मुलींची नावं पुकारली जात असतील त्या सुमाराला, मैना आपल्या घरचा तांब्या घेऊन शेजारच्या दारात गेली. पाणी उकळून गार केलेलं होतं. लंकाबाई उंबऱ्यात बसली होती. इतक्या वर्षांच्या शेजारात तिने पगाऱ्यांच्या घरचा पाण्याचा घोट घेतलेला नव्हता, घरातल्या कोणाला घेऊ दिला नव्हता. मैना थांबली. लंकाबाईने तांब्याकडे पाहिलं, मग मैनेकडे पाहिलं, आणि पाय ओढून घेऊन तिला वाट दिली.

सावळीराम दाराबाहेर उभा होता. आतल्या अंधारात मैनेने पदर खोचला, स्वच्छ फडकं ओलं केलं आणि खंडूच्या मिटलेल्या डोळ्यांवरून हलकेच फिरवलं. पोरगा दचकला. त्याला दिसत नव्हतं.

"कोण हाय?" त्याने विचारलं. "नर्सबाई का?"

मैनेने फडकं बाजूला ठेवलं. मग तांब्या त्याच्या ओठांशी नेला.

"हो," ती म्हणाली. "तोंड उघड."